मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?



वार्षिक परीक्षा संपल्या की पालक आम्हा शिक्षकांकडे येतात आणि विचारतात, "सुटीत मुलांना काय वाचायला द्यावे?" प्रश्न ऐकून समाधान वाटते. परंतु थोडे बोलणे झाले की ध्यानात येते, त्यांच्या मनातील खरा प्रश्न निराळाच आहे. मुलांनी काय वाचू नये याची यादी त्यांना हवी असते. कादंबरी चालेल का? परीकथा चालतील का? दुसऱ्या धर्माच्या लेखकाचे पुस्तक घरात आणले तर मुलाच्या श्रद्धेला धक्का तर लागणार नाही? या शंका प्रामाणिक आहेत, त्यांना हसण्याचे कारण नाही. मात्र नकारांची यादी कितीही लांबविली तरी तिच्यातून एकही पुस्तक मुलाच्या हाती येत नाही. म्हणून या लेखात मुलांना काय द्यावे, हेच प्रामुख्याने सांगण्याचे योजिले आहे.

आपल्या वसई-विरार परिसरातील घरांची एक वेगळी अडचण आहे. सोपाऱ्याच्या किंवा वसईच्या जुन्या कोकणी मुस्लिम घरात आजी कुरआन शरीफ अरबीतून पढते आणि बोलते आपल्या बोलीत. वडील मराठी शाळेत शिकलेले असतात. नातवंडे इंग्रजी माध्यमात जातात. नालासोपाऱ्यात उत्तर भारतातून आलेल्या कुटुंबात आई-वडील उर्दू वाचतात आणि मुलगी शाळेत मराठी शिकते. एका छपराखाली तीन लिप्या, आणि मुलाचे प्रेम एकीवरही नाही, अशी ही अवस्था आहे. मुलगा अक्षरे ओळखतो, उत्तरपत्रिका लिहितो, गुणही मिळवितो. पण स्वतःच्या इच्छेने पन्नास पाने सलग वाचलेली आहेत असे किती मुलांविषयी म्हणता येईल? धर्माविषयीची त्याची जिज्ञासा मात्र जिवंत असते. ती भागविण्यासाठी तो मोबाइल उघडतो आणि अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत कोणी अनोळखी गृहस्थ त्याला हलाल-हराम, स्वर्ग-नरक आणि जगाचा इतिहास एका दमात सांगून टाकतो. सांगणारा कोण, तो कोठे शिकला, त्याच्या म्हणण्याला आधार कोणता, हे विचारण्याची सवयच मुलाला लागलेली नसते. ही सवय वाचनाने लागते. मुलाच्या वाचनाचा प्रश्न त्याच्या दीनाचाही प्रश्न आहे असे मी म्हणतो, ते याच कारणाने.

पहिल्या वह्यीचा पहिला शब्द 'इक्रा' होता आणि त्याच आयतींत लेखणीचा उल्लेख आहे, हे या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. त्यापुढची गोष्ट मात्र मुलांना अवश्य सांगावी. बद्रच्या लढाईत जे कैदी हाती आले, त्यांच्यापैकी ज्यांच्याजवळ द्रव्य नव्हते पण लिहिण्याची विद्या होती, त्यांनी मदीनेच्या दहा-दहा मुलांना लेखन शिकवावे आणि मुक्त व्हावे, अशी व्यवस्था झाल्याची नोंद सीरतच्या ग्रंथांत आहे. नुकतेच शस्त्र घेऊन आलेले, श्रद्धेने विरोधी असलेले लोक मुस्लिम मुलांचे शिक्षक झाले! हजरत जैद बिन साबित (रजि.) या तरुण सहाबींना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले आणि त्यांनी ती सुमारे पंधरा दिवसांत आत्मसात केली. मुलींच्या शिक्षणाबाबत ज्यांना अजूनही संकोच वाटतो, त्यांनी हजरत शिफा बिन्ते अब्दुल्लाह (रजि.) यांचे नाव लक्षात ठेवावे, उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना लेखन त्यांनी शिकविले होते.

कल्पनेच्या गोष्टींविषयी

आता परीकथा आणि कादंबऱ्यांची शंका. "जे घडलेच नाही ते मुलाला वाचायला देणे म्हणजे खोटे शिकविणे नव्हे काय?" असे एका सुशिक्षित मातेने विचारले होते. या प्रश्नाचे उत्तर मी स्वतःच्या मताने देत नाही. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आला आहे. हजरत आयशा (रजि.) यांच्या खेळण्यांमध्ये चिंध्यांचे दोन पंख लावलेला एक घोडा होता. प्रेषितांनी (स.) विचारले, हे काय आहे? उत्तर मिळाले, घोडा. घोड्याला पंख असतात काय, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की हजरत सुलेमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते, हे आपण ऐकले नाही का? यावर प्रेषित (स.) असे हसले की त्यांचे दात दिसले. पंख उपटून टाकले गेले नाहीत, रागावणे झाले नाही, खोटे बोलण्याचा आरोपही झाला नाही. मुलाचे मन पंखांचे घोडे बनविते, ही त्याची प्रकृती आहे, आणि ज्यांच्याहून सत्याची चाड कोणालाही अधिक नव्हती त्यांनी ती हसून स्वीकारली.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत 'उम्मे जर्अ'ची प्रदीर्घ हदीस आहे. अकरा स्त्रिया एकत्र बसतात आणि प्रत्येक जण आपल्या पतीचे गुणदोष सांगते, अशी ती गोष्ट. हजरत आयशा (रजि.) ती सांगतात आणि प्रेषित (स.) शेवटपर्यंत ऐकतात. राज्याची, युद्धाची, उम्मतची एवढी जबाबदारी ज्यांच्या खांद्यावर होती त्यांना गोष्ट ऐकण्यास सवड होती! आपल्याला मात्र मुलाने "अब्बू, एक गोष्ट सांगा" म्हटले की कामाची आठवण होते. शिवाय अल्लाहने हजरत यूसुफ (अलै.) यांच्या वृत्तांताला सर्वोत्तम कथा म्हटले आहे. विहिरीतील मुलगा, रक्ताने माखविलेला अंगरखा, तुरुंगातील दोन स्वप्ने आणि शेवटी न ओळखणारे भाऊ. आठ वर्षांच्या मुलाला ही सूरह सलग, मराठीत, चार रात्रींत सांगून पाहा. पुढच्या भागासाठी तो स्वतःच लवकर जेवून बसतो.

अर्थात प्रत्येक कथा चांगली असते असे नव्हे. क्रौर्यात रस घेणारी, अश्लील, किंवा माणसांच्या एखाद्या समूहाचा द्वेष शिकविणारी पुस्तके दूर ठेवावीत. त्या द्वेषाला आपल्या धर्माचे नाव दिलेले असले तरीही ठेवावीत.

लहानग्यांसाठी

सात वर्षांच्या आतील मुलाचे वाचन कानांनी होते. त्याला पुस्तक देण्यापेक्षा पुस्तकासकट आपला वेळ द्यावा. प्रेषितांच्या कथांसाठी मौलाना अबुल हसन अली नदवी यांची 'कससुन्नबिय्यीन' ही माला आदर्श आहे. मौलानांनी ती आपल्या लहान पुतण्याला डोळ्यांसमोर ठेवून सोप्या अरबीत लिहिली. वाक्ये तोकडी, शब्द पुन्हा पुन्हा येणारे, आणि हजरत इब्राहीम (अलै.) यांची कथा तर मूर्ती विकणाऱ्या आजरच्या दुकानापासून थेट गोष्टीसारखी सुरू होते. अरबी जाणणाऱ्या पालकाने एक-एक प्रकरण वाचून लगेच मराठीत सांगावे. मुलाला दोन्ही भाषा एकाच मांडीवर मिळतील.

हदीसमधील मुलांच्या गोष्टीही या वयात सांगाव्यात. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याने एक लहान पक्षी पाळला होता. पक्षी मेला, मुलगा उदास झाला. प्रेषितांनी (स.) त्या मुलाला त्याच्या कुन्येने हाक मारून पक्ष्याची विचारपूस केली, आणि ती अशी यमक जुळवून की मुलाचे मन हलके व्हावे. आमच्या वर्गात ही गोष्ट सांगितली की एखादा तरी मुलगा आपल्या मेलेल्या मांजरीविषयी बोलू लागतो. त्याला बोलू द्यावे.

आठ ते बारा या वयात मुलाने स्वतः वाचू लागावे. येथे मी पहिले नाव घेतो ते प्रेमचंद यांच्या 'ईदगाह' या 1933 मधील कथेचे. हामिद चार-पाच वर्षांचा पोरका मुलगा आहे. दादी अमीना त्याला ईदसाठी तीन पैसे देते. सोबतचे मित्र जत्रेत मातीची खेळणी आणि मिठाई घेतात. भाकरी भाजताना दादीचे हात पोळतात हे आठवून हामिद लोखंडाचा चिमटा घेतो. कथा लिहिणारा लेखक मुसलमान नव्हता; उर्दूतून लेखनास आरंभ करणारा हा हिंदू लेखक ईदच्या सकाळचे, नमाजच्या रांगांचे वर्णन अशा प्रेमाने करतो की आपल्याच घरातील वाटावे. दुसऱ्या धर्माच्या लेखकाविषयी ज्यांना शंका आहे त्यांनी प्रथम ही दहा-बारा पाने वाचावीत. मात्र एक सूचना: कथा वाचून झाल्यावर मुलाला "यातून काय बोध घेतलास?" असे विचारू नये. हामिदच्या जागी तू असतास तर काय घेतले असतेस, एवढेच विचारावे. बहुतेक मुले खरे सांगतात, आणि ते चिमटा नसते.

डॉ. झाकिर हुसेन 1967 मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले, हे आपण जाणतो. त्यांनी मुलांसाठी 'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्ट लिहिली, हे कमी लोकांना ठाऊक आहे. डोंगरावर मोकळे फिरण्यासाठी दावे सोडून पळालेली चाँदनी नावाची शेळी आणि लांडगा यांची ही कथा आहे. ती उर्दूत आहे. घरात कोणी उर्दू वाचणारे असेल तर त्याने मोठ्याने वाचावी आणि अडलेल्या शब्दांचा अर्थ सांगत जावा. शेवट दुःखाचा आहे. त्याने घाबरून जाऊ नये, मुलांना दुःखाचे शेवट आपल्या समजुतीपेक्षा चांगले पेलतात.

मराठीत बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला स्वस्त आहे, चित्रे सुरेख आहेत, आणि ती मराठी, उर्दू, हिंदी अशा अनेक भाषांत निघते. एकच पुस्तक दोन भाषांत आणून ठेवले तर तीन लिप्यांच्या घराची अडचण हीच सोय ठरते.

आपल्या गावाची गोष्ट

आपली मुले रोज नालासोपारा स्थानकातून जातात, पण ज्या सोपाऱ्यावरून त्याचे नाव पडले ते प्राचीन शूर्पारक बंदर त्यांना माहीत नसते. भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये येथील बुरुड राजाच्या कोटात उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणला. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे मिळाला आणि 1956 मध्ये नवव्याचा. दहाव्या शतकातील अरब भूगोलज्ञांनी हेच गाव 'सुबारा' या नावाने नोंदविले आहे. अल-मसऊदी या बगदादच्या प्रवाशाने सैमूर म्हणजे चौल, सुबारा आणि ठाणे यांचा एकत्र उल्लेख केला आहे. तो हिजरी 304 मध्ये चौलला स्वतः आला होता आणि तेथील मोठ्या मुस्लिम वस्तीचे, त्यांच्या मशिदींचे त्याने वर्णन केले. कोकणच्या किनाऱ्यावर इस्लाम व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आणि शेजाराच्या विश्वासातून आला, हे आपल्या मुलाने कोणाच्या भाषणातून नव्हे, पुस्तकातून वाचलेले असावे. "तुम्ही कोठून आलात?" असे त्याला एखाद्या दिवशी कोणी विचारणार आहे. तेव्हा त्याने चिडू नये. तारखा आणि गावांची नावे घेऊन शांतपणे सांगावे.

याच प्रवासवर्णनांतून इब्ने बतूताकडे वळता येते. तो 1325 मध्ये टांजिअरहून निघाला तेव्हा अवघ्या एकवीस वर्षांचा होता. दौलताबादचे वर्णन त्याने केलेले आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्याचा प्रवास नकाशावर बोट ठेवून वाचायला फार आवडते. संक्षिप्त आवृत्ती द्यावी, मूळ ग्रंथ या वयाला जड आहे.

तेरा ते सोळा: शंकेचे वय

या वयातील मुलगा प्रश्न विचारतो आणि आपण त्याला उद्धट ठरवितो. येथे सीरतचे एक व्यवस्थित पुस्तक त्याने स्वतः वाचून काढावे. मौलाना सफीउर्रहमान मुबारकपुरी यांचे 'अर्रहीकुल मख्तूम' हे चरित्र मूळ अरबीत लिहिले गेले आणि राबिता आलमे इस्लामीच्या सीरत-लेखनस्पर्धेत त्याला प्रथम पारितोषिक मिळाले. उर्दू रूपांतर लेखकाने स्वतःच केले. लेखक आझमगड जिल्ह्यातील मुबारकपूरचे. आपल्या भागातील कित्येक कुटुंबांचे ते माहेर-सासर. पुस्तक मोठे आहे, रोज पाच पानांपेक्षा अधिक वाचू नये. मराठीतून वाचणाऱ्याने प्रथम साने गुरुजींचे 'इस्लामी संस्कृती' उघडावे. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या या कोकणातल्या शिक्षकाने प्रेषितांविषयी (स.) जी आत्मीयता दाखविली आहे, ती वाचून आपल्यालाच संकोच वाटतो. काही तपशील जाणकारांकडून तपासून घ्यावेत. तपासणे हाही वाचनाचाच भाग आहे.

या तपासण्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत, बातमी आणणारा विश्वसनीय नसेल तर शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा पोहोचवाल आणि मग पस्तावाल, असा आदेश आहे. मोबाइलवर आलेला संदेश पुढे ढकलण्यापूर्वी ही आयत आठवावी, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो, आणि उदाहरण मुद्दाम आपल्याच घरातले देतो. ज्ञान मिळविण्यासाठी चीनला जावे लागले तरी जा, हे वचन आपल्या कित्येक शाळांच्या भिंतींवर हदीस म्हणून रंगविलेले असते. हदीसचे जाणकार मात्र ते प्रमाण मानीत नाहीत. इमाम इब्ने जौजी यांनी त्याचा समावेश बनावट रिवायतींच्या संग्रहात केला आहे. विचार उत्तम आहे, पण उत्तम विचारही प्रेषितांच्या (स.) नावावर खपविता येत नाही. दहावीतील मुलाला हे समजले की त्याची श्रद्धा डळमळत नाही. आपल्या पूर्वजांनी एकेक वाक्य किती कसोशीने पारखले, हे पाहून ती उलट दृढ होते. इमाम नववी यांचा 'अर्बईन' हा बेचाळीस हदीसचा छोटा संग्रह या वयात अर्थासह वाचावा. त्यात प्रत्येक हदीस कोणत्या संग्रहातून घेतली याची नोंद असते, ती वगळू नये.

मुलींसाठी आणि मुलांसाठीही डेप्युटी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' ही 1869 मधील कादंबरी सुचवितो. आपल्या मुलींना वाचण्याजोगे पुस्तक सापडेना, म्हणून या बापाने स्वतः लिहायला घेतले. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ही कथा आहे. असगरी घर सावरते आणि मोहल्ल्यातील मुलींना शिकविते. आजच्या मुलींना पुष्कळदा अकबरीचीच कीव येते, लेखकाने तिला फार झोडपले असे त्या म्हणतात. म्हणू द्यावे. लेखकाशी वाद घालता आला म्हणजे वाचन खरे सुरू झाले.

याच लेखकाची 'तौबतुन्नसूह' ही दुसरी कादंबरी मी मुलांना नव्हे, पालकांना वाचावयास सांगतो. दिल्लीत पटकीची साथ येते, नसूह आजारी पडतो, स्वप्नात त्याला परलोकाचा हिशेब दिसतो. बरा झाल्यावर तो तौबा करतो आणि घर सुधारण्यास निघतो. लहान मुले ऐकतात. थोरला कलीम कवितेत रमणारा, स्वाभिमानी. तो ऐकत नाही आणि घर सोडतो. मग बाप त्याची पुस्तके जाळून टाकतो. पुढे कलीम भटकतो, सैन्यात जातो, आणि घरी आणला जातो तो मरणासन्न स्थितीत. लेखकाचा कौल बापाच्या बाजूने आहे आणि कलीमला शेवटी पश्चात्ताप झाल्याचे त्याने दाखविले आहे. मला मात्र ही कादंबरी प्रत्येक वेळी वाचताना वाटते की नसूहची तौबा खरी होती, तळमळ खरी होती, आणि चूक एवढीच होती की त्याने मुलाच्या पुस्तकांचे कपाट पहिल्यांदा उघडले ते जाळण्यासाठी. ही पुस्तके मुलगा वाचत होता त्या वर्षांत बाप कोठे होता? आपल्या मुलाच्या मोबाइलवर अचानक झडप घालणाऱ्या पालकाने हा प्रश्न स्वतःस विचारावा. मुलगा काय वाचतो हे जाणण्याचा एकच सभ्य मार्ग आहे, तो वाचतो ते आपणही वाचणे.

तरुणांसाठी

महाविद्यालयात जाणाऱ्या तरुणाला मी प्रथम इमाम गजाली यांचे 'अय्युहल वलद' देतो. एका शिष्याला लिहिलेले हे पत्र एका बैठकीत वाचून होते; आचरणावाचून ज्ञान निरुपयोगी आहे, हा त्याचा गाभा. गजालींच्या चरित्रकारांनी नोंदविलेली एक हकिकतही सोबत सांगावी. प्रवासात दरोडेखोरांनी त्यांचे सामान लुटले, त्यात त्यांची टिपणे होती. ती परत मागितल्यावर दरोडेखोरांचा म्होरक्या हसला: जे ज्ञान आम्ही पिशवीसकट नेऊ शकतो, ते तुझे कसले? गजाली घरी परतले आणि तीन वर्षे बसून त्यांनी सारी टिपणे मुखोद्गत केली. ज्यांचे सगळे ज्ञान खिशातील मोबाइलमध्ये आहे त्यांना अधिक स्पष्टीकरण लागत नाही.

त्यानंतर मौलाना अबुल कलाम आझाद यांचे 'गुबारे खातिर'. हे पुस्तक आपल्या महाराष्ट्रात लिहिले गेले, हे विसरू नये. ऑगस्ट 1942 मध्ये अटक करून काँग्रेसच्या नेत्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. पंडित नेहरूंनी तेथे 'भारताचा शोध' लिहिला आणि मौलानांनी हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राच्या नावे पत्रे लिहिली. टपालात ती पडली नाहीत. 1946 मध्ये पुस्तकरूपाने आली. पहाटेच्या चहाविषयी या माणसाने ज्या तपशिलाने लिहिले आहे तेवढ्या तपशिलाने आपण आयुष्यातील मोठ्या निर्णयांचाही विचार करीत नाही. कोठडीत चिमण्यांनी घरटी केली; प्रथम त्यांनी त्या हुसकावल्या, हार मानली, मग तांदळाचे दाणे टाकून मैत्री केली आणि त्यांना नावे दिली. एकीचे नाव मोती, एकाचे कलंदर, एकाचे मुल्ला! कुरआनचा भाष्यकार स्वतःच्या वर्गाची अशी थट्टा करतो, हे आपल्या गंभीर तरुणांनी पाहावे. आणि त्याच पुस्तकात, एप्रिल 1943 मध्ये पत्नी जुलैखा बेगम यांच्या निधनाची वार्ता किल्ल्यात पोहोचल्यावरचे पत्र आहे. आजारपणात भेटीसाठी सरकारकडे याचना करणे त्यांनी नाकारले होते. त्या पत्रात अश्रू नाहीत, आणि म्हणून ते वाचताना थांबावे लागते. भाषा फारसीमिश्रित, कठीण आहे. साहित्य अकादमीची मालिक राम यांनी संपादिलेली आवृत्ती टिपांसह आहे. चार-पाच तरुणांनी एखाद्या उर्दू शिक्षकासोबत बसून आठवड्याला एक पत्र वाचावे; एकट्याने हाती घेतल्यास बहुतेक जण दहाव्या पानावर सोडून देतात.

चिमणीवरून सलीम अली आठवतात. मुंबईच्या बोहरा घराण्यातील या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने पिवळ्या गळ्याची एक चिमणी मारली. ती कोणती हे काकांना, म्हणजे अमीरुद्दीन तय्यबजींना, सांगता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठविले आणि तेथून एक आयुष्य बदलले. 1985 मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नावच त्या चिमणीवरून आहे. वसईच्या मिठागरांवर आणि तुंगारेश्वरच्या जंगलात आजही पक्षी दिसतात. पुस्तक वाचून झाल्यावर तिकडे जावे. डॉ. अब्दुल कलाम यांचे 'अग्निपंख', माधुरी शानभाग यांच्या मराठी अनुवादात, बहुतेक घरांत आहेच. ते कपाटात असणे आणि वाचलेले असणे यात फरक आहे, एवढेच म्हणतो. तत्त्वज्ञानाची आवड असणाऱ्याने बाराव्या शतकातील इब्ने तुफैल यांची 'हय्य बिन यक्जान' शोधावी. निर्जन बेटावर हरिणीच्या दुधावर वाढलेला मुलगा केवळ निरीक्षणाने आणि विचाराने आपल्या निर्मात्यापर्यंत पोहोचतो, अशी ती कथा आहे.

शेजाऱ्यांची पुस्तकेही वाचावीत. अल-बिरूनी यांनी संस्कृत शिकून, पंडितांजवळ बसून, इसवी सन 1030 च्या सुमारास 'किताबुल हिंद' लिहिला. त्यात हिंदूंची मते त्यांच्याच शब्दांत मांडण्याचा आग्रह आहे. आपल्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो होऊन गेले. 2020 च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. बायबलचा त्यांनी केलेला 'सुबोध बायबल' हा मराठी अनुवाद आणि 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' हे पुस्तक तरुणांनी वाचावे. पॅलेस्टाईनविषयी नुसत्या घोषणा ठाऊक असणाऱ्यांनी दुसरे आधी वाचावे. वसईच्या ख्रिस्ती समाजाने 'सुवार्ता' मासिकाच्या आधाराने आपला धर्म आणि आपली मराठी दोन्ही सांभाळली. आपल्यालाही परंपरा आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, आणि 1990 मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. पण मराठीत लिहिणारे तेव्हाच निपजतात, जेव्हा मराठीत वाचणारे घरात असतात.

व्यवहाराच्या काही गोष्टी

एवढी पुस्तके विकत घेणे कोणालाही परवडणार नाही, आणि आवश्यकही नाही. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान मिळणारी वाचनालये आपल्या परिसरात आहेत. त्यांची वर्गणी मुलाच्या महिन्याच्या मोबाइल-खर्चाहून कमी असते. मुलाला तेथे स्वतःच्या नावाने सभासद करावे, वडिलांच्या नव्हे. वाचनालयात इस्लामविषयक मराठी पुस्तके नसतील तर तक्रार करण्यापेक्षा ग्रंथपालांना लेखी मागणी द्यावी, बहुतेक ठिकाणी ती आनंदाने स्वीकारली जाते. संदर्भासाठी मराठी विश्वकोश संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

नोकरदार तरुण म्हणतात, विरार लोकलमध्ये उभे राहण्यास जागा नाही, पुस्तक कोठे उघडावे? त्यांचे म्हणणे खरे आहे. चर्चगेटपर्यंतचे ते साठ किलोमीटर पुस्तकासाठी नाहीत. त्यांनी इशानंतरची पंधरा मिनिटे ठरवावीत आणि त्या वेळी घरातील सर्वांचे मोबाइल, वडिलांचा धरून, दुसऱ्या खोलीत ठेवावेत. एकाच खोलीचे घर असेल तर कपाटात. पहिल्या आठवड्यात मुले कुरकुर करतील, वडील अधिक करतील. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, वाचणारा रोज बदलावा. आजीला वाचता येत नसेल तर तिची पाळी गोष्ट सांगण्याची. तिची गोष्ट कोकणी बोलीत असेल तर घरातील एखाद्या मुलीने ती वहीत उतरवून घ्यावी, शब्द न बदलता. आणि वहीच्या पहिल्या पानावर आजीचे नाव, गावाचे नाव आणि तारीख घालावी.